फाट्यावरचे चेहरे

येळवशीच्या सकाळी बिरादारांच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही, आणि त्याचं कोणाला वाईटही वाटत नाही. भज्जीचं पातेलं, आंबिलीचं मडकं, उंड्यांची टोपली, खिरीचं भगुणं आणि पाच दगडांचे पांडव मांडलेल्या कोपीवर घालायची शाल, एवढं सगळं ऊन चढायच्या आत शेतावर पोचवायचं असतं. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला भालकी तालुक्यातली गावं ओस पडतात. माणसं आपापल्या शेतात, कडब्याच्या कोपीपुढं जेवतात आणि बांधावरून कोणी परका जाताना दिसला तर त्यालाही हाक मारून पंगतीला बसवतात. राजूबाई सून म्हणून या घरात आली तेव्हापासून आंबिलीचं मडकं तिच्याच मांडीवर असायचं. यंदाही ते मांडीत धरून ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसली होती. शेजारी सून विजयश्री होती आणि पुढं ट्रॅक्टरवर मुलगा गिरिधर.

मेहकर फाट्यावर गिरिधरनं एकदम ब्रेक दाबला आणि आंबील राजूबाईच्या पदरावर सांडली. पोराला चार शब्द ऐकवायला तिनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिची नजर वर गेली.

फाट्यावरच्या दोन खांबांना भलामोठा फ्लेक्स बांधला होता. वर तालुक्यातल्या पुढारी साहेबांचा फोटो, त्याखाली हात जोडलेला राजूबाईचा नवरा तानाजी, आणि मध्ये लग्नाच्या अल्बममधून उचललेली विजयश्री, मुंडावळ्या कापून काढलेली. आधी कन्नडमध्ये आणि खाली मराठीत लिहिलं होतं : ‘अफगाण भगिनींच्या हक्कांसाठी झटणाऱ्या मेहकरच्या सूनबाई यांचा जाहीर सत्कार.’ राजूबाईला ते सगळं वाचायला वेळ लागला असता, पण वाचायची गरजच पडली नाही. फ्लेक्सच्या खालच्या बाजूला, जिथं एरवी गल्लीतले कार्यकर्ते गोल चौकटीत ओळीनं लावलेले असतात, तिथं विजयश्रीच्या ऑनलाइन वर्गातल्या अफगाण पोरी होत्या. पहिली मर्ज़िया, तिच्या शेजारी चष्मेवाली फरिश्ता, मग बाकीच्या. भालकीच्या मल्लप्पा फ्लेक्सवाल्यानं प्रत्येकीचा चेहरा नीट कापून घेतला होता आणि जरा उजळही केला होता.

विजयश्री ट्रॉलीच्या कडेला धरून उभी राहिली आणि सासूकडं पाहून पुन्हा खाली बसली. फोटो कुठून आला हे तिला कळलं होतं, आणि ते राजूबाईलाही कळलं.

त्या वर्गाचा एकच नेम होता, लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो काढायचा नाही. विजयश्री कलबुर्गीला एम.एस्सी. करत होती तेव्हा वसतिगृहात शुकरिया तिच्या खोलीत राहायची. शुकरिया शिकून काबूलला परतली आणि थोड्याच दिवसांत तिथलं राज्य पालटलं. सहावीच्या पुढं मुलींच्या शाळा बंद झाल्या. शुकरियानं घराघरांतल्या पोरी फोनवर गोळा केल्या आणि विजयश्रीला म्हणाली, रसायनशास्त्र तू घे. बऱ्याचजणींचं लहानपण पेशावरात गेलेलं, त्यामुळं त्यांना उर्दू येई. विजयश्रीची उर्दू पुस्तकी होती. राजूबाईची मात्र बाजारातली, भालकीच्या तांबोळणीशी आणि बिदरच्या बांगडीवाल्याशी बोलून मुरलेली दखनी. दुपारी तीनला मधल्या खोलीत लॅपटॉप उघडला की राजूबाई तुरी पाखडायला सूप घेऊन कोपऱ्यात बसायची. वर्ग संपला की पोरी तिला मावशी समजून हाक मारायच्या, ‘खाला, आज क्या पकाया?’ आणि ती सांगायची. बायकांचाच वर्ग, म्हणून त्या तोंड उघडं ठेवून बसायच्या.

तानाजीला हा वर्ग आवडत नव्हता. सून भालकीच्या कॉलेजात नोकरी करायची सोडून फुकट शिकवते, असं त्याचं म्हणणं. त्याचं मन वळावं म्हणून राजूबाईनं एका दुपारी हळूच आपल्या फोनवर पडद्याचा फोटो काढला. पोरी कशावरून तरी हसत होत्या, सगळ्या एकदम. संध्याकाळी तिनं तो नवऱ्याला दाखवला आणि म्हणाली, बघा, कशा लेकीसारख्या हायत. तानाजीनं फोटो आपल्या फोनवर घेतला, मोठा करून बघितला, बराच वेळ बघितला, आणि त्यानंतर वर्गाबद्दल त्यानं कधी कुरकूर केली नाही. मन वळलं म्हणून राजूबाई खूश होती. ते कुठवर वळलंय हे तिला आज फाट्यावर दिसलं.

शेतावर शाल घेऊन आधीच आलेला तानाजी ती कोपीला बांधत होता. पांढरेशुभ्र कपडे, कपाळाला गंध. थोरला भाऊ राघोबा चिंचेखाली काठी टेकून बसला होता. दोघा भावांत विहिरीच्या वाटणीवरून वर्षभर अबोला झाला होता, तो मिटूनही दोघं अजून एकमेकांकडं तिरपंच बघत. विजयश्री ट्रॉलीतून उतरली ती हातात काही न घेता सरळ सासऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

“मामा, तो फ्लेक्स उतरवायला सांगा.”

तानाजीला आधी वाटलं, फोटो चांगला आला नाही म्हणून सून रुसली. तो हसून म्हणाला की मल्लप्पाला मीही तेच सांगितलं होतं, लग्नातला नको, दुसरा घे. मग विजयश्रीनं कारण सांगितलं. मर्ज़ियाच्या मोहल्ल्यात एका घरी असाच वर्ग चालायचा. कोणीतरी बाहेर बोललं आणि त्या घरच्या बापाला उचलून नेलं. त्या पोरी कोण, कुठल्या, हे शुकरियाशिवाय कोणाला माहीत नाही, आणि त्यांचे चेहरे आता रस्त्यावर लावलेत.

“अगं, काबूल कुठं, मेहकर कुठं,” तानाजी म्हणाला. “तिथली मानसं आपल्या फाट्यावर येनार हायत का फ्लेक्स वाचायला?”

“त्यांनी कामून यायला पाहिजे? इथल्या एकानं फोटो काढून टाकला की बास. फोनवर आलेलं सगळीकडं जातंय.”

तानाजीचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता. घरच्या सुनेचं नाव व्हावं असं त्याला खरोखर वाटत होतं, त्यात आपलंही होऊन जावं एवढंच. तालुका पंचायतीचं तिकीट मिळायचं घाटत होतं आणि साहेब दुपारी भज्जी खायला येतो म्हणाले होते. फ्लेक्स उतरवला तर साहेबांना काय सांगायचं, असं त्यानं विचारलं, आणि मग थोडा चिडून म्हणाला की आपण त्या पोरींच्या बाजूनंच बोलतोय, विरोधात तर नाही ना.

चिंचेखालून राघोबा खाकरला. दिवाळीत याच राघोबानं सगळ्यांदेखत विचारलं होतं की आपल्या गल्लीतली पोरं उंडारत फिरतात आणि सून परमुलखातल्या पोरींना कशाला शिकवते. आज तो म्हणाला की सूनबाईचं बरोबर आहे. गिरिधरनं चमकून चुलत्याकडं पाहिलं. राजूबाईला नवल वाटलं नाही. फ्लेक्सवर साहेब होते, तानाजी होता, मल्लप्पाच्या दुकानाचं नावसुद्धा होतं. नव्हता तो राघोबा.

“अण्णा, तुमी मदी पडू नका,” तानाजी म्हणाला. “तुमाला सोताचा फोटो न्हाई म्हनून राग आलाय.”

झालं, विहीर पुन्हा वर आली. कोणी पाइप कापला, कोणी मोटार पळवली, सगळं निघालं. गिरिधर महसूल खात्यात नोकरीला, दोन्ही बाजूंचं ऐकून घेऊन पुढची तारीख द्यायची त्याला सवय. तो म्हणाला, आधी पूजा होऊ द्या, मग बघू. विजयश्री नवऱ्याकडं बघत राहिली. त्या भांडणात पोरींचं नावही कोणी घेत नव्हतं.

राजूबाई कोपीच्या आड पदर सारखा करून उभी होती. या घरात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही. राघोबाला तिनं इतकी वर्षं जेवायला वाढलं होतं, त्याच्या दुखण्यात काढे करून दिले होते, भावाभावांच्या अबोल्यात दोघांचे निरोप पोरांच्या तोंडून पोचवले होते, पण त्याच्यापुढं शब्द काढला नव्हता. त्याला तिचा आवाज तरी ओळखीचा होता की नाही, देव जाणे. ती कोपीपुढं आली.

“भाऊजी,” ती म्हणाली, “फोटो म्या काढला.”

राघोबानं कोण बोललं म्हणून आधी मागं वळून पाहिलं.

“सुनेनं सांगितलं व्हतं, काढू नका. तरी काढला. त्या पोरी माज्यापुढं तोंड उघडं ठेवून बसत्यात, मावशी हाय म्हनून. तुमचा राग, ह्यांचं तिकीट, ते तुमी दोगं बघून घ्या. तुमी घरातले थोरले हाव. ह्यांना उतरवाया सांगा. न्हाई सांगितलं तर मी इळा घेऊन जाते.”

पलीकडच्या शिवारात पूजेची ओरड चालली होती. तानाजी बायकोकडं बघतच राहिला. राघोबा सावरून बसला. त्याच्या चेहऱ्यावरचा मघाचा खोडसाळपणा गेला होता.

“तानाजी, उतरव ते,” तो म्हणाला.

“साहेब वाटंत हायत, अण्णा.”

राजूबाईनं आणखी वाट पाहिली नाही. कोपीच्या कडेला कडबा कापायचा विळा होता, तो उचलून ती बांधावरून चालू लागली. मागं ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. गिरिधर तिच्याशेजारी येऊन थांबला आणि म्हणाला, “आई, बस.” विजयश्री ट्रॉलीत आधीच चढली होती.

गिरिधरनं खांबावर चढून सुतळ्या कापल्या. फ्लेक्स खाली आला तेव्हा आपापल्या शेताकडं निघालेली माणसं बघायला थांबली. कडब्याच्या गंजीवर टाकायला द्या, पाऊस लागत नाही, असं एकानं सुचवलंही. राजूबाईनं चेहरे आतल्या बाजूला येतील अशी घडी घातली. घरी नेऊन त्याचे तुकडे करायचं ठरलं, पण तिचा विळा काही त्या चेहऱ्यांवर चालेना. मर्ज़िया हसत होती. शेवटी विजयश्रीनंच विळा घेतला आणि खाली मान घालून सगळं कापून टाकलं.

दुपारी साहेब आले. त्यांनी भज्जी दोनदा मागून घेतली, आंबील प्याले, विजयश्रीच्या खांद्यावर शाल टाकली आणि स्त्रीशिक्षणावर थोडंसं बोलून पुढच्या शेतावर गेले. फ्लेक्सचं त्यांनी विचारलंच नाही. त्यांचे असे फ्लेक्स तालुक्यात इतके लागतात की एक कमी झाल्याचं त्यांना कळायचं कारण नव्हतं. तानाजी मात्र दिवसभर जेवला नाही.

ऊन उतरायच्या सुमारास गिरिधर भालकीहून परत आला. गावातल्या पोरांनी फ्लेक्सचे फोटो स्टेटसला ठेवले होते, ते त्यानं विनवण्या करून काढायला लावले होते. मल्लप्पानंही आपलं काम गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून तो फोटो आदल्या दिवसापासून लावला होता. बिचाऱ्यानं लगेच काढला आणि माफीही मागितली. तोवर कोणी कोणी बघितला, पुढं कोणी पाठवला, हे मात्र त्याला सांगता येईना.

आता पोरींना सांगायचं की नाही, यावर चिंचेखाली पुन्हा बैठक झाली, आणि या वेळी माणसं वेगळ्या बाजूंना बसली. तानाजी आणि राघोबा कितीतरी वर्षांनी एका बाजूला आले. दोघांचंही म्हणणं, उतरवलाय ना, मग उगाच पोरींच्या जिवाला घोर कशाला लावायचा. गिरिधरलाही तेच पटत होतं. सांगितलं तर त्या वर्ग सोडतील, त्यांचं शिक्षण जाईल आणि नुकसान त्यांचंच होईल, असं तो बायकोला समजावत होता. त्यात कळकळ होती. राजूबाईलाही क्षणभर वाटलं की तो म्हणतो तेच बरं. पोरी घाबरतील, रडतील, आणि मला काय म्हणतील.

“त्यांनी घरातनं कधी निघायचं, काय शिकायचं, तोंड झाकायचं का न्हाई, सगळं दुसरेच ठरवायल्यात,” विजयश्री म्हणाली. “त्यांना घोर लागंल म्हनून आपन सांगायचं न्हाई, हे बी आपनच ठरवायलाव. मंग आपल्यात आनि तिथल्या ठरवनाऱ्यांत फरक काय ऱ्हायला?”

तिचा आवाज चढला नव्हता. सासऱ्यापुढं, चुलतसासऱ्यापुढं ती हे बोलली आणि कोणी तिला गप्प बस म्हणालं नाही. राघोबानं काठीनं मातीत रेघा ओढल्या.

“मी सांगते,” राजूबाई म्हणाली. “चूक माजी हाय.”

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मधल्या खोलीत लॅपटॉप उघडला. आज राजूबाई कोपऱ्यात बसली नाही, सुनेच्या शेजारी, पडद्यासमोर बसली. पोरी एकेक करून आल्या. मर्ज़ियानं तिला इतकं पुढं बसलेलं पाहून हसत विचारलं, खाला आज रसायनशास्त्र शिकवणार का. रात्रभर जुळवलेलं सगळं राजूबाई विसरली.

“बेटा, मेरे से गलती हुई,” ती म्हणाली. “तुमारी फोटो मैंच निकाली. घर में दिखाने कू निकाली थी. वो रस्ते पे लग गई. कल उतारे, फाड़ दिए, पन कौन कौन देखा, मालूम नै.”

फरिश्तानं चष्मा काढला आणि ओढणी तोंडावर ओढून घेतली. मग एकीचा चेहरा गेला, तिथं नुसता काळा चौकोन उरला. पाठोपाठ दुसरीचा. कोणीतरी रडत होती. राजूबाईला ती कोण हे आवाजावरून कळत होतं आणि कळत असल्याचाच त्रास होत होता. विजयश्रीनं उर्दूत सांगितलं की सगळा दोष आमच्या घराचा आहे. वर्ग चालवायचा की बंद करायचा, कोणी यायचं, कोणी नाही, आणि आम्हाला यात ठेवायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. तुम्ही बोलून घ्या, आम्ही बाहेर पडतो. आणि तिनं लॅपटॉप मिटला.

दोघी सासूसुना तिथंच बसून राहिल्या. कामाला हात लागेना. विजयश्रीनं एकदा सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. राजूबाईला वाटत होतं, सुनेनं आपल्याला एकदा रागानं काही बोलावं, म्हणजे जरा हलकं वाटेल.

फोन वाजला तेव्हा उन्हं खिडकीतून पार भिंतीवर चढली होती. शुकरियानं दोघींना पुन्हा वर्गात बोलावलं. आता पडद्यावर एकही चेहरा नव्हता. सगळे चौकोन काळे, आणि त्यांवर नावंही दुसरीच, फुलांची, पाखरांची. त्यातल्या एका चौकोनातून मर्ज़ियाचा आवाज आला. हळू, पण नीट विचार करून बोललेला.

दोघीजणी वर्ग सोडत होत्या, त्यांच्या घरी फार भीती होती. बाकीच्या शिकणार होत्या. विजयश्री बाजीवर, म्हणजे ताईवर, आमचा भरवसा आहे, कारण तिनं लपवलं नाही; लपवलं असतं तर आम्हाला कधी कळलंही नसतं. यापुढं चेहरा कोणी दाखवणार नाही, खरं नाव कोणी घेणार नाही.

“और खाला,” मर्ज़िया म्हणाली, “आप अब क्लास में नहीं बैठेंगी. हमने सबने मिलकर तय किया है.”

विजयश्री पुढं झाली. सासूबाईंनीच फ्लेक्स उतरवला, भर शिवारात सगळ्यांपुढं त्या बोलल्या, हे तिला सांगायचं होतं. राजूबाईनं तिचा हात धरला आणि मानेनंच नको म्हटलं. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, पण पडद्याकडं बघून ती म्हणाली, “हौ बेटा. बरोबर है. पढ़ो तुम.”

ती उठली. बाहेर ओट्यावर तानाजी बसला होता. कालपासून तो तिच्याशी बोलला नव्हता. आता त्यानंच विचारलं, काय म्हणाल्या पोरी.

“मला भाईर काढलं.”

तानाजी उसळला. एवढं करून त्यांनी असं वागावं का, साहेबांपुढं माझी मान खाली गेली ती कोणासाठी, तुला सांगणाऱ्या त्या कोण, असं तो बोलू लागला. राजूबाईला त्याची माया आली, कारण तो तिच्या बाजूनं रागावला होता, आणि असं फार वेळा होत नसे.

“वर्ग त्यांचा हाय,” ती म्हणाली. “कुनाला बसू द्यायचं, ते त्याच ठरवतील. लई दिवसांनी कायतरी ठरवाया मिळालंय त्यांना. तुमी गप ऱ्हावा.”

आत विजयश्रीनं शिकवायला सुरुवात केली. आम्ल आणि अल्कली. मागच्या आठवड्यात हेच चाललं होतं, आणि पोरींनी राजूबाईला विचारलं होतं की आंबील आंबट का होते. एका पोरीनं काहीतरी उत्तर दिलं, दुसरी हसली. हसणारी कोण, हे ओट्यावरूनही ओळखू येत होतं.

राजूबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि ऐकू येणार नाही इतक्या लांब, गोठ्याकडं निघून गेली.